दुमडलेली पानं

“बाई, वाचलीत?”

तास संपला होता, सगळा वर्ग दारातून एकमेकांना ढकलत बाहेर पडला होता आणि वर्गात जिला सगळे मुंगी म्हणत तिची बाकावरची मैत्रीण तेवढी मागे रेंगाळली होती. चित्रकलेच्या बाई नळाखाली ब्रश धूत होत्या. काय वाचलं गं, असं त्यांनी मान न वळवताच विचारलं. “तिची वही. मुंगीची. सोमवारी दिली ना मी तुम्हाला, तिनं द्यायला सांगितलेली.” बाई हसल्या. गेली सहा वर्षं त्या जे वाक्य वर्गात म्हणत आल्या होत्या तेच त्यांनी पुन्हा म्हटलं, आणि जरा तोऱ्यातच म्हटलं, “दुमडलेलं पान मी वाचत नाही, ठाऊक आहे ना?” पोरीनं मान हलवली. ठाऊक होतं. अख्ख्या शाळेला ठाऊक होतं. दप्तराचा पट्टा चावत ती क्षणभर उभी राहिली आणि म्हणाली, “मग तिनं दिली कशाला?” बाईंनी वळून पाहिलं तोवर ती निघून गेली होती. नळ वाहत होता. ब्रशातला निळा रंग कधीच धुतला गेला होता आणि तरी बाई तो धूतच राहिल्या.

वेळापत्रकात त्या तासाचं नाव ‘कला व आत्मचिंतन’ असं होतं. पोरं त्याला मनाचा तास म्हणत. दर गुरुवारी, खुर्च्या गोल मांडून. त्या तासाला मार्क नाहीत, लाल पेन नाही, ‘नीट बस’ नाही. चित्र काढा, लिहा, माती मळा, नाही तर नुसते खिडकीतून बाहेर बघत बसा, कुणी काही म्हणणार नाही. प्रत्येकाला एक कोरी वही. आणि एक नियम, बाईंनी स्वतः केलेला: जे कुणी वाचू नये असं वाटेल ते पान उभं अर्ध्यात दुमडायचं. दुमडलं की ते तुमचं. बाई वह्या तपासतील, पण त्या पानाला हात लावणार नाहीत. पहिल्या वर्षी पोरांनी अर्थातच परीक्षा घेतली. एकानं दुमडून आत लिहिलं, ‘बाई गाढव आहेत,’ आणि आठवडाभर बाईंच्या तोंडाकडे टक लावून बसला. बाईंच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. वर्षाच्या शेवटी त्यानं स्वतःच येऊन कबुली दिली आणि रडला. तेव्हापासून नियम दगडावरची रेघ झाला. शिक्षकांच्या खोलीत मात्र त्याची टर उडायची. गणिताचे सर म्हणायचे, “आमच्या वेळी काय पोरांना मन नव्हतं? होतं हो. पण ते आम्ही घरी ठेवून यायचो.” आणि दुमडलेल्या पानांबद्दल म्हणायचे, “झाकली मूठ सव्वा लाखाची! आत काही नसतं, बाई. लिहायचा कंटाळा आला की दुमडतात.” बाई चहाचा कप तोंडाला लावायच्या. त्यांना वाटायचं, बोलू देत. आपण एक काम केलंय आयुष्यात, आणि ते नीट केलंय.

पुढचा तास मोकळा होता. बाईंनी हात पुसले, कपाट उघडलं. मुंगीची वही वरच्याच खणात होती, सोमवारी ठेवली तिथंच. सोमवारी त्यांनी ती घेतली होती, चाळली होती, आणि दुमडलेली पानं दिसताच मिटून ठेवून दिली होती, एवढ्या अदबीनं की जणू कुणाच्या बंद खोलीचं दार चुकून ढकललं गेलं होतं. आता त्यांनी ती टेबलावर ठेवली. दुमडलेल्या पानांमुळे वही एका बाजूनं फुगली होती. मोजू नये असं ठरवूनही त्यांनी बोटानं कडा मोजल्या. अकरा. वर्ष सुरू झाल्यापासून गुरुवारही जवळपास तेवढेच झाले होते. म्हणजे ही पोर दर आठवड्याला एक पान दुमडत होती, आणि दर आठवड्याला बाईंना आनंद होत होता. हो, आनंदच. बघा, कशी मोकळी होतेय, असं त्यांना वाटायचं. वर्गात सगळ्यांत बुटकी, पाठीवर स्वतःपेक्षा मोठं दप्तर, म्हणून मुंगी. कुणी चिडवलं तर चिडायची नाही. बाकावर डोकं टेकून अधूनमधून झोपायची, आणि बाई तिला झोपू द्यायच्या. मनाच्या तासाला झोप आली तर झोपावं, हेही त्यांनीच सांगितलं होतं. चार दिवस ती शाळेत नव्हती. कारकून म्हणाला होता, घरून फोन आला, ताप आहे. आईचा आवाज फार बारीक होता हो, हेही म्हणाला होता. बाईंनी ते ऐकलं होतं आणि खडू मागून घेऊन त्या वर आल्या होत्या.

उघडावी? छे. आज हिची उघडली की उद्या सगळ्यांना कळेल; पोरांपासून काही लपतं थोडंच? एक पान उघडलं की सहा वर्षांतली सगळी पानं उघडी पडतील. शब्द दिलाय आपण. बाई उठल्या, खिडकी लावली, पुन्हा उघडली. खाली कुणीतरी शिट्टी वाजवत होतं आणि पोरं रांगेत कवायत करत होती. खोलीत ओल्या मातीचा आणि रंगाच्या पाण्याचा वास होता. एरवी ह्या वासात त्यांना घरी असल्यासारखं वाटायचं. आज नाही वाटलं.

हा नियम काही कुठल्या शिबिरात शिकवला नव्हता. तो बाईंच्या स्वतःच्या घरातून आला होता, आणि ते शाळेत कुणाला माहीत नव्हतं. त्यांची लेक पंधरा वर्षांची असताना एका दुपारी गादी उलटताना बाईंना तिची डायरी सापडली होती. हिरव्या पुठ्ठ्याची. बाईंनी ती उभ्याउभ्या वाचली. पाय भरून आले तरी बसल्या नाहीत. बसलं असतं तर आपण चोरी करतोय हे कबूल केल्यासारखं झालं असतं. एका मुलाबद्दल चार ओळी होत्या. कमी पडलेल्या मार्कांबद्दल होतं. शाळेच्या मागच्या जिन्यात बसून रोज रडते, असं एक पान होतं. आणि आईबद्दल एक वाक्य होतं, जे बाईंना अजून तोंडपाठ आहे: ‘आईला सांगून उपयोग नाही, ती आधी आवाज चढवेल आणि मग ऐकेल.’ संध्याकाळी लेक घरी आली आणि बाईंनी आवाज चढवला. अगदी वाक्यात लिहिल्याबरहुकूम. हे मार्क कधीचे, हा मुलगा कोण, आमच्या घरात हे असलं चालत नाही. नवऱ्यानं तोंडासमोरचं वर्तमानपत्र खाली घेतलं नाही. लेकीनं डायरी उचलली, बाथरूममध्ये गेली, आणि एकेक पान फाडून भरलेल्या बादलीत बुडवलं. शाई पाण्यात सुटत गेली. बाई दारात उभ्या राहून ओरडत होत्या आणि ती पानं बुडवत होती. त्या दिवसापासून लेक त्यांच्याशी नम्र झाली. हो आई. जेवले आई. ठीक आहे आई. नोकरीसाठी दूर गेली, दर रविवारी न चुकता फोन करू लागली, आणि दर रविवारी पाच मिनिटं बाईंच्या काळजाला घरं पडायची. लेकरानं भांडावं, रुसावं, आदळआपट करावी. हे असं पाहुण्यासारखं वागणं फार वाईट. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो. बाईंनी तर ताकाला हात लावायचंच सोडलं. सहा वर्षांपूर्वी शाळेनं हा तास त्यांच्या गळ्यात घातला तेव्हा त्यांनी पहिल्या दिवशी फळ्यावर तो नियम लिहिला, आणि लिहिताना खडू इतका दाबला की तो मोडला. वर्गाला वाटलं बाई रागावल्यात.

पोरांना नियम आवडला. मुंगीला कळतच नव्हता. तिनं तो तीनदा विचारून घेतला होता, हे बाईंना आता एकदम आठवलं आणि त्या पुन्हा टेबलाशी येऊन बसल्या. “बाई, दुमडलेलं म्हणजे कधीच नाही उघडत?” “कधीच नाही.” “तुम्हाला उघडावंसं वाटलं तरी?” “तरी नाही.” दोन आठवड्यांनी पुन्हा, रंगाच्या बाटल्या आवरताना, खाली बघत: “पण बाई, समजा काही झालं तरी?” तेव्हा बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. ह्या लेकराला कुणीतरी फसवलंय, हिला भरवसा हवाय, असं त्यांना वाटलं होतं. अगदी मायेनं त्या म्हणाल्या होत्या, “काही झालं तरी नाही. आभाळ कोसळलं तरी नाही.” मुंगीनं मान डोलावली होती आणि बाटल्या आवरत राहिली होती.

आणि ते चित्र. बाहेरच्या भिंतीवर हेडसरांनी मनाच्या तासाचा फलक लावला होता. उद्या वरून पाहुणे यायचे होते, म्हणून सकाळपासून हातात टाचण्या घेऊन हेडसर स्वतः चित्रं सरळ करत होते. फलकाच्या मधोमध मुंगीचं चित्र होतं. एक पलंग, पांघरुणाखाली कुणीतरी झोपलेलं, खिडकीत पिवळाजर्द सूर्य, भिंतीवर मोठं घड्याळ. किती शांत चित्र आहे गं, बाई म्हणाल्या होत्या, आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात खाली शीर्षक लिहिलं होतं: ‘शांतता’. मुंगीनं विचारलं होतं, “हे सगळ्यांना दिसणार?” हो, सगळे बघतील. “मोठी माणसं पण?” हो तर! ती खूश झाली होती. इतकी खूश झालेली बाईंनी तिला कधी पाहिली नव्हती. आता बाईंना दिसलं की त्या चित्रातल्या घड्याळात बारा वाजलेत. भर दुपारी कोण झोपलंय हे त्यांनी विचारलं नव्हतं. कुणीच विचारलं नव्हतं. दोन आठवडे शंभर-दीडशे माणसं त्या चित्रासमोरून ये-जा करत होती आणि वा, छान म्हणत होती.

त्यांनी फोन उचलला आणि लेकीला लावला. गुरुवारी, कामाच्या वेळी. पलीकडून घाबरलेला आवाज आला, “आई? काय झालं? बरी आहेस ना तू?”

“बरी आहे. एक विचारायचंय. मी तुझी डायरी वाचली होती ना...”

“आत्ता? आई, मी ऑफिसात आहे.”

“सांग ना गं. मी ती वाचली नसती, तर तू अशी दूर गेली नसतीस ना?”

पलीकडे कुणीतरी टाइप करत होतं. मग लेक बोलली, आणि कितीतरी वर्षांनी तिच्या आवाजात ती नम्रता नव्हती. “तुला इतकी वर्षं असं वाटतंय? वाचलीस म्हणून? अगं, तू दर रविवारी उलटायचीस त्या गादीखाली ठेवली होती मी ती. मला काय दुसरी जागा नव्हती घरात?”

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तू वाचलीस त्याचं काही नव्हतं. वाचून तू मुलगा कोण विचारलंस, मार्क विचारलेस. मी रोज जिन्यात बसून रडत होते ते पान तुला दिसलंच नाही? तेवढं एक विचारलं असतंस, आई. तेवढं एकच.” मग कुणीतरी तिला हाक मारली असावी. “मला बोलावतायत. रविवारी बोलू.”

फोन बंद झाला. आयुष्यभर एका गुन्ह्याची शिक्षा भोगावी, आणि शेवटी कळावं की गुन्हा तो नव्हताच, दुसराच होता, आणि तो आपण पुन्हा एकदा, ह्या वेळी फार निगुतीनं, नियम करून, मायेनं केलाय. त्यांनी वही ओढली आणि पहिलं पान उलगडलं. घडी इतकी घट्ट होती की कागद तिथे पांढरा पडला होता.

‘बाई हे वाचणार नाहीत म्हणून लिहिते. माझी आई दिवसभर झोपते. आजारी नाहीये. बाबा लांब कामाला आहेत, ते महिन्यातून एकदा येतात, तेव्हा ती उठून बसते. बाबांना सांगायचं नाही असं आईनं सांगितलंय.’

दुसरं. ‘आई म्हणाली मला आता हे नको आहे. मी विचारलं काय नको, तर तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला. मला कळलं पण.’

तिसरं, चौथं. ‘डॉक्टरांच्या गोळ्या मी माझ्याकडे ठेवल्या. कंपासपेटीत. रोज सकाळी तिला एक देते. ती बाकीच्या मागते, मी संपल्या म्हणते. मला खोटं बोलायला आवडत नाही.’ गणिताचे सर! तुमच्या त्या मुंगीला सांगा जरा, तासाला कंपास उघडायला तयार नाही, हट्टी कारटी, पंधरा मिनिटं दाराबाहेर उभी केली. ते सांगत होते आणि सगळे हसले होते. बाईही थोडं हसल्या होत्या.

पाचव्या पानावर लिहिलं होतं, ‘रात्री मी आईच्या आणि दाराच्या मधे झोपते.’ सहाव्यावर फक्त एक घड्याळ काढलं होतं. सातवं: ‘बाई आज म्हणाल्या माझं चित्र शांत आहे. मी त्यांना सांगणार होते पण तेवढ्यात घंटा झाली.’ आठवं: ‘आज मी दुमडताना कडा मुद्दाम नीट जुळवली नाही. थोडं दिसतं बाहेरून. बाई, दिसलं तर बघा, मी रागावणार नाही.’ नववं: ‘बाई, तुम्ही खरंच वाचत नाही.’ नवव्या पानावर बाकी काही नव्हतं. एवढं एक वाक्य आणि खाली सगळी जागा कोरी. दहाव्यात पुन्हा तेच, फक्त अक्षर बारीक झालेलं.

अकरावं पान उलगडताना ते फाटलं. ‘बाई, वही मैत्रिणीकडे देते आहे. ही उघडा, मी सांगते आहे उघडा. आईनं दुसऱ्या गोळ्या कुठूनतरी आणल्यात. मी बाटली पाहिली पण आता ती मला सापडत नाही. सगळं घर शोधलं. म्हणून सोमवारपासून मी येणार नाही. तुम्ही सोमवारी याल ना?’

आज गुरुवार होता. बाई जिना उतरत होत्या, आणि पायात काय घातलंय, आपण काय ओरडतोय, हे त्यांचं त्यांना कळत नव्हतं. कार्यालयात कारकून पत्त्याचं रजिस्टर द्यायला का कू करू लागला, हेडसरांची सही लागते म्हणाला. बाईंनी ते त्याच्या हातातून ओढलं. हेडसर फलकासमोर टाचणी घेऊन उभे होते. त्यांच्या अंगावर वही ढकलत बाई म्हणाल्या, “वाचा. शेवटचं पान. डॉक्टर पाठवा, गाडी पाठवा, तिच्या बापाला फोन करा. हे सगळं सोडा आधी!” माणूस दिसायला पोकळ होता, पण ते पान वाचताना त्याच्या तोंडावरचा रंग उडाला. करतो, म्हणाला. जा तुम्ही, जा. बाई पळाल्या. पन्नाशी उलटलेली बाई भर रस्त्यात पळतेय म्हणून लोक वळून बघत होते. सिग्नल लाल होता, त्या तशाच गेल्या, कुणीतरी शिवी दिली. बैल गेला आणि झोपा केला, एवढीच एक म्हण त्यांच्या डोक्यात फिरत होती, पावलागणिक. सोमवार. मंगळवार. बुधवार. सोमवारी त्यांनी वही कपाटात ठेवली होती. मंगळवारी त्यांनी मातीचे नवे गोळे मागवले होते. बुधवारी कंटाळा आला म्हणून दुपारी घरी जाऊन झोपल्या होत्या. देवा, एवढं एकदा. एवढं एकदा दार उघडू दे. मग काय हवं ते घे माझं.

तिसरा मजला. लिफ्ट बंद. घंटा वाजवली तर आत काही हललं नाही. पुन्हा वाजवली. त्यांनी दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या, मुंगे, मुंगे, मी आहे, चित्रकलेच्या बाई. शेजारचं दार फटीएवढं उघडलं आणि मिटलं. मग आतून स्टूल सरकवल्याचा आवाज आला, साखळीएवढं दार उघडलं आणि फटीत मुंगीचा चेहरा दिसला. डोळ्यांखाली काळं झालं होतं. अंगावर शाळेचा गणवेश होता, चुरगळलेला. तिनं बाईंकडे पाहिलं, आधी हातांकडे, मग तोंडाकडे.

“उघडलीत?”

“हो.”

“सगळी?”

“सगळी, बाळा.”

“कधी?”

बाईंना खोटं बोलता आलं असतं. “आत्ता,” त्या म्हणाल्या.

“आत्ता,” मुंगी म्हणाली, आणि साखळी काढली. ओरडली नाही, रडली नाही. आई आहे ना, आई ठीक आहे ना, असं बाईंनी विचारलं तेव्हा तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि आतल्या खोलीकडे मान केली. घर स्वच्छ होतं. ओट्यावर एकच धुतलेली ताटली पालथी होती. प्रत्येक कपाट, प्रत्येक खण उघडा होता. चार दिवस शोधून शोधून तिनं ते बंद करणंच सोडलं असावं. बाथरूमच्या दाराला कडी नव्हती, तिच्या जागी स्क्रूंची भोकं होती. “मी काढली,” मुंगी हळूच म्हणाली. “कर्कटकानं. निघतात त्यानं.” मग कामावरचा माणूस पाळी बदलताना सांगतो तशी ती सांगू लागली: आई उठली तर मागे जायचं. स्वयंपाकघरात गेली तरी मागे जायचं. पाणी आपण आणून द्यायचं. ती झोपल्यासारखी करते, पण झोपलेली नसते. सुऱ्या मी शेजारी दिल्यात, त्यांना सांगितलं, बोथट झाल्यात, धार लावून ठेवा. बाईंनी तिला जवळ ओढलं. पोर लाकडासारखी उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, तुम्ही बसता का जरा तिथं? मला झोप येतेय.” सांगून ती खोलीच्या उंबऱ्यातच बसली, चौकटीला डोकं टेकलं, एक पाय दारात आडवा टाकला, आणि पुढच्या श्वासाला झोपली. तोंड उघडं पडलं. पाय मात्र आडवाच राहिला.

बाई पाय ओलांडून आत गेल्या आणि पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसल्या. खिडकीत ऊन होतं. पांघरुणाखालची बाई वयानं आपल्या लेकीपेक्षा फार मोठी नसेल, हे त्यांच्या लक्षात आलं. तिचे डोळे उघडे होते. फोन थरथरला, हेडसरांचा निरोप होता, गाडी निघालीय, वडिलांशी बोलणं झालं, तिथेच थांबा. गाडी किती वेळात येणार ते त्यात नव्हतं. बाईंनी मनातल्या मनात शाळेपासूनचं अंतर धरलं, सिग्नल धरले, आणि त्यांना काही हिशोब जमेना.

“तुम्ही चित्रकलेच्या ना?” पलंगावरून आवाज आला. गोड, सुसंस्कृत, बारीक आवाज. “ती बोलते तुमच्याबद्दल. तुमच्या तासाला फार बरं वाटतं म्हणते.”

बाईंना ते ऐकवेना. त्या म्हणाल्या, “आता डॉक्टर येतायत. सगळं नीट होईल. तिचे वडीलही येतायत.”

“हो का,” ती म्हणाली. तिनं मान वळवून दारात झोपलेल्या पोरीकडे पाहिलं. त्या पाहण्यात इतकी माया होती की बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “चार दिवसांत पहिल्यांदा झोपली. उठवू नका हं तिला.” घड्याळाची टिकटिक. आणि मग, पाहुण्याला जेवूनच जा म्हणतात त्या आवाजात, अगदी आदरानं, तिनं विचारलं, “तुम्ही किती वाजता जाल?”

ती वेळ मोजत होती. पोरगी झोपलेली, आणि ही परकी बाई कधी जाते त्याची ती वाट बघत होती. बाई ताडकन उठल्या. कुणाच्या मनात हात घालू नये, कुणाचं मिटलेलं उचकटू नये, माणसाला त्याचं त्याचं ठेवू द्यावं, हे सगळं त्यांनी सहा वर्षं जपलं होतं आणि ते आता त्यांना नको होतं. त्यांनी पांघरुणातून तिचा हात बाहेर काढला आणि मनगट घट्ट धरलं.

“कुठे ठेवल्यात?”

“काय?”

“गोळ्या. कुठे ठेवल्यात त्या?”

“ते माझं मी बघीन,” ती हसून म्हणाली. “तुम्ही कशाला त्रास घेता? तुमचे तास असतील.”

“नाहीत तास. कुठे आहेत?”

तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. बाईंनी मनगट सोडलं नाही. त्यांनी आवाज चढवला नाही. त्या पलंगाच्या कडेला बसल्या, तिच्या कानाशी वाकल्या, आणि पुन्हा विचारलं. खाली रस्त्यावर एक गाडी आली आणि न थांबता पुढे गेली. तिचा हात सुटायची धडपड करत होता, मग करेनासा झाला. “का विचारताय?” ती भिंतीशी म्हणाली, आणि ह्या वेळी आवाजात गोडवा नव्हता, राग होता, जिवंत राग. “कुणी सांगितलं तुम्हाला विचारायला?”

“तुझ्या लेकीनं,” बाई म्हणाल्या. “अकरा वेळा. कुठे आहेत, सांग.”

बाईंनी पुन्हा विचारलं. मग पुन्हा.